अर्ध्या तासाने गरम हवा देणारा कारचा एसी: गॅस भरण्याआधी तपासायच्या गोष्टी

गाडी सुरू केल्यावर एसी उत्तम चालतो, पंचवीस-तीस मिनिटे केबिन गार राहते, आणि नंतर थंडावा हळूहळू किंवा अचानक नाहीसा होतो. सावली बघून गाडी उभी करावी, चहा घेऊन परत यावे, तर एसी पुन्हा पहिल्यासारखी गार हवा देऊ लागतो. गाडी गॅरेजमध्ये पोहोचून आपला नंबर लागेपर्यंत दोष निघून गेलेला असतो. मेकॅनिक गेज लावतो, ‘गॅस थोडा कमी वाटतो’ असे सांगतो, गॅस भरतो, आणि दोन-तीन आठवड्यांनी तीच तक्रार पुन्हा उभी राहते. माझ्या स्वतःच्या छोट्या पेट्रोल गाडीत हे दोन उन्हाळे चालले. तीन वेळा गॅस भरून झाला, एकदा कूलिंग कॉइलमध्ये गॅस सोडणारा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह बदलून झाला, आणि अखेर दोष सापडला तो शेंगदाण्याएवढ्या एका सेन्सरपाशी. तो सेन्सर खराबही नव्हता. तो आपल्या जागेवरून सुटला होता. त्या काळात जे तपासले आणि मोजले ते येथे मांडत आहे, कारण ही तक्रार सर्रास आढळते आणि तिच्यावर गॅस भरण्याचा उपाय अनेकदा चुकीचा ठरतो.

पुढील विवेचन प्रामुख्याने फिरवण्याचे नॉब, एसीचे साधे बटण आणि मॅग्नेट क्लच (कॉम्प्रेसर पुलीला जोडणारा-तोडणारा चुंबकी भाग) असलेल्या गाड्यांसाठी आहे. आपोआप तापमान राखणाऱ्या एसीविषयी शेवटी स्वतंत्रपणे लिहिले आहे.

बटण दाबल्यावर नेमके काय होते

एसीचे बटण दाबले की गॅस दाबून फिरवणारा कॉम्प्रेसर सुरू होतो, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात ते बटण केवळ विनंती पाठवते. ती पुढे जाण्यासाठी आधी ब्लोअर चालू असावा लागतो. बहुतेक गाड्यांत एसीच्या बटणाचा विद्युतमार्ग ब्लोअरच्या स्विचवर अवलंबून ठेवलेला असतो, कारण हवा गार करणाऱ्या कूलिंग कॉइलवरून वारा जात नसताना कॉम्प्रेसर चालला तर कॉइल काही मिनिटांत गोठेल. त्यानंतर कूलिंग कॉइलवरचा तापमानाचा सेन्सर कॉइल गोठण्याच्या बेतात नाही ना ते सांगतो, गॅसच्या पाइपवरचा प्रेशर स्विच दाब मर्यादेत आहे का ते सांगतो, आणि इंजिनचा संगणक इंजिन जास्त तापलेले नाही, वेग फार उतरलेला नाही, अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबलेला नाही, याची खात्री करून घेतो. मग तो आयडलिंगचा वेग किंचित वाढवतो आणि रिलेला वीज देतो, रिले क्लचच्या कॉइलला वीज देतो, क्लचची चकती फिरत्या पुलीला चिकटते, ‘टक्’ असा आवाज होतो आणि तेव्हा कुठे कॉम्प्रेसर फिरू लागतो.

या साखळीतील कोणत्याही एका कडीने नकार दिला तरी बटणातील दिवा बहुतेक गाड्यांत तसाच पेटलेला राहतो. काही गाड्यांत दोष आढळल्यावर तो लुकलुकतो, पण सगळ्या गाड्यांत ही सोय नसते. म्हणून दिवा पेटलेला आहे, म्हणजे कॉम्प्रेसर चालू आहे, असा निष्कर्ष कधीही काढू नये. माझा पहिला उन्हाळा याच गैरसमजात गेला.

दुसरा गैरसमज निळ्या पट्टीकडून लाल पट्टीकडे फिरणाऱ्या तापमानाच्या नॉबविषयी आहे. या नॉबचा कॉम्प्रेसरशी थेट संबंध नसतो. आत येणारी सगळी हवा आधी कूलिंग कॉइलमधून जाते, आणि मग त्यातील किती हवा हीटरच्या कॉइलवरून फिरवून आणायची हे एक फ्लॅप ठरवतो. नॉब केबलच्या साहाय्याने तो फ्लॅप हलवतो, इतकेच त्याचे काम. कूलिंग कॉइल मात्र नॉब कुठेही असला तरी शून्याच्या थोडी वर राखली जाते. पूर्वी डॅशबोर्डखाली वेगळी पेटी बसवून जो एसी दिला जात असे, त्यात नॉबला खरोखरच थर्मोस्टॅट जोडलेला असे. कॉइलच्या पातळ पत्र्यांत एक बारीक नळी खोचलेली असायची. कॉइल गार झाली की नळीतील वायू आकसायचा, तिला जोडलेला छोटा भाता मिटायचा आणि संपर्क तुटून क्लच सुटायचा. नॉब फिरवला की भात्यावरच्या स्प्रिंगचा ताण बदलत असे. ज्यांचा हात त्या गाड्यांवर बसला आहे, ते आजही गारवा जास्त झाला की नॉब लालकडे वळवतात आणि कॉम्प्रेसरचा भार कमी झाला असे मानतात. साध्या नॉबच्या आजच्या गाडीत त्याने गार केलेली हवाच पुन्हा तापवली जाते, आणि भार जवळजवळ तेवढाच राहतो. गारवा कमी करायचा असेल तर आधी ब्लोअरचा वेग उतरवावा.

कॉम्प्रेसर योग्य वेळी थांबवणे हा या यंत्रणेतला पहिल्यापासूनचा अवघड प्रश्न आहे. अमेरिकेतील पॅकार्ड कंपनीने १९३९ साली कारखान्यातच बसवून दिलेला एसी जाहीर केला, तेव्हा त्याच्या कॉम्प्रेसरला क्लच नव्हता; एसी नको असेल तर इंजिन बंद करून, बॉनेट उघडून, कॉम्प्रेसरचा पट्टा काढून ठेवावा लागे. आज तेच काम क्लच आणि त्याच्यावर हुकूम चालवणारे दोन-तीन स्विच करतात, आणि आपल्या तक्रारीचे उत्तर बहुधा त्यांच्यापैकीच एकापाशी असते.

सर्वांत आधी वाऱ्याकडे लक्ष द्यावे

थंडावा गेल्याचे लक्षात येताच काहीही बंद न करता पुढच्या जाळीसमोर हात धरावा आणि एकच गोष्ट ठरवावी: वाऱ्याचा जोर कमी झाला आहे, की जोर पूर्वीइतकाच असून हवा केवळ गरम झाली आहे? हे दोन वेगळे रोग आहेत आणि त्यांची औषधे एकमेकांना लागू पडत नाहीत. ब्लोअर चौथ्या गतीवर घरघरत असूनही जाळीतून फुंकर मारल्याइतकाच वारा येत असेल, तर कॉइलवर बर्फ साचला आहे असे जवळजवळ खात्रीने समजावे. वारा जोरदार असून गरम असेल, तर कॉम्प्रेसर थांबला आहे, किंवा फ्लॅप हीटरची हवा मिसळतो आहे. गॅरेजमध्ये तक्रार सांगताना हा फरक आपण सांगितला नाही तर मेकॅनिकला तो कळण्याचा दुसरा मार्ग नसतो, कारण त्याच्यासमोर गाडी येते तेव्हा ती बरी झालेली असते.

वाऱ्याचा जोर कमी होत असेल तर

आपल्याकडच्या अनेक गाड्यांत आर-१३४ए हा गॅस असतो. अलीकडच्या काही गाड्यांत आर-१२३४वायएफ आढळतो. कॉइलमध्ये आर-१३४ए उकळतो तेव्हा त्याचा दाब आणि तापमान एकमेकांशी बांधलेले असतात: शून्य अंश सेल्सिअसला गेजवर सुमारे २८ पीएसआय, म्हणजे गॅरेजच्या भाषेत २८ पाउंड. दाब याखाली उतरला की कॉइलचे तापमानही शून्याखाली जाते. कॉइलवर हवेतल्या बाष्पाचे पाणी सतत साचत असते, ते गोठते, पत्र्यांमधल्या फटी बर्फाने बुजतात, वारा अडतो, आणि वारा अडला की कॉइलला उष्णता मिळत नाही, म्हणून ती आणखी गार होते. एकदा सुरू झालेला बर्फ म्हणूनच झपाट्याने वाढतो.

हे होऊ नये यासाठी कॉइलच्या पत्र्यांत थर्मिस्टर, म्हणजे वर सांगितलेला तापमानाचा सेन्सर, खोचलेला असतो. तापमान उतरले की त्याचा विद्युत रोध वाढतो; तो वाचून एसीचा अॅम्प्लिफायर (छोटा नियंत्रक) किंवा गाडीचा संगणक साधारण एक ते तीन अंशांच्या दरम्यान क्लच सोडतो, आणि कॉइल दोन-तीन अंशांनी तापली की पुन्हा धरतो. निरोगी गाडीत अधूनमधून ऐकू येणारी ‘टक्-टक्’ ती हीच. हा थर्मिस्टर बिघडण्याच्या दोन दिशा आहेत. त्याची तार तुटली तर रोध अमर्याद दिसतो, यंत्रणेला कॉइल अतिशय गार वाटते आणि कॉम्प्रेसर सुरूच होत नाही. तो आतून शॉर्ट झाला, किंवा कॉइलपासून दूर सरकला, तर यंत्रणेला कॉइल नेहमी उबदारच वाटते, कॉम्प्रेसर कधीच थांबत नाही आणि बर्फ साचतो. आपली तक्रार या दुसऱ्या दिशेची आहे.

माझ्या गाडीत नेमके हेच झाले होते. आधीच्या एका सर्व्हिसिंगच्या वेळी कूलिंग कॉइल बाहेर काढून धुतली गेली, आणि परत बसवताना थर्मिस्टरची सळई पत्र्यांत खोचण्याऐवजी प्लास्टिकच्या आवरणाशी टेकून राहिली. कॉइल शून्याखाली गेलेली असताना तो सेन्सर शेजारच्या उबदार हवेचे तापमान इमानाने कळवत होता. मल्टिमीटरवर तो निर्दोष होता: खोलीच्या तापमानाला सुमारे दीड किलो-ओहम, आणि पेल्यात बर्फाचा चुरा व पाणी घेऊन त्यात पाच मिनिटे बुडवल्यावर सुमारे पावणेपाच. आकडे गाडीगणिक बदलतात, परंतु पंचवीस अंशांच्या तुलनेत बर्फाच्या पाण्यातला रोध साधारण तिप्पट व्हावा आणि काटा मध्ये उड्या न घेता सावकाश चढावा, हा ठोकताळा बहुतेक सेन्सरना लागू पडतो. माझा सेन्सर या परीक्षेत उत्तीर्ण झाला, म्हणून आधीच्या गॅरेजने त्याच्यावरचा संशय काढून टाकला होता. सेन्सर कुठे बसलेला आहे, हे कोणी पाहिलेच नव्हते.

घरच्या घरी हा दोष ओळखण्याचा मार्ग असा. साधा डिजिटल थर्मामीटर मधल्या जाळीत खोचावा, काचा बंद कराव्यात, हवा आतल्या आत फिरवणारे बटण चालू करावे, ब्लोअर दुसऱ्या गतीवर ठेवावा आणि मोकळ्या जागी गाडी उभी करून इंजिन सुमारे १५०० आरपीएमवर धरावे. निरोगी गाडीत आकडा उतरत जातो, एका पातळीला पोहोचतो आणि मग क्लचच्या ‘टक्’सरशी दोन-चार अंश वरखाली होत राहतो. ही पातळी कोरड्या हवेत पाच-सात अंशांची असते. मुंबईच्या दमट दुपारी ती आठ-दहा अंशांच्या वरही राहू शकते आणि तो दोष नव्हे. दोषी गाडीत आकडा न थांबता तीन, दोन असा उतरत राहतो, क्लच एकदाही सुटत नाही, आणि मग वारा बारीक होत जाऊन आकडा उलट चढू लागतो. त्या क्षणी एसीचे बटण बंद करून ब्लोअर पूर्ण जोरात चालू ठेवावा. दहा-पंधरा मिनिटांत वारा मोकळा झाला, दमट वास आला आणि गाडीखाली एकाएकी पाण्याचे थारोळे साचले, तर निदान पक्के झाले. बर्फ साचत असताना गाडीखालचे ठिबकणे जवळजवळ थांबलेले असते, हीही त्याच रोगाची खूण आहे.

हा दोष जागेप्रमाणे आणि ऋतूप्रमाणे लपंडाव खेळतो, आणि त्यामुळे माझी पुष्कळ दिशाभूल झाली. बर्फासाठी बाष्प लागते. कोकण किनाऱ्यावर, पनवेलच्या खाली किंवा जूनच्या पहिल्या पावसात जी गाडी वीस मिनिटांत गोठते, तीच गाडी मे महिन्यातल्या कोरड्या विदर्भात चार तास विनातक्रार चालू शकते. रात्रीच्या प्रवासात तो लवकर दिसतो, कारण बाहेर ऊन नसल्याने कॉइलवर उष्णतेचा भार कमी असतो. गॅस भरल्यावर दोष गेल्यासारखा वाटतो, त्याचे एक कारण हे की गाडी गॅरेजमध्ये तासभर उभी असताना बर्फ आपोआप वितळून गेलेला असतो. दुसरे कारण असे की गॅस प्रमाणाबाहेर भरला तर कॉइलमधला दाब वाढतो, ती पूर्वीइतकी गार होत नाही आणि बर्फ उशिरा साचतो. म्हणजे एसीची ताकद कमी करून लक्षण तेवढे झाकले जाते.

सेन्सरकडे वळण्याआधी केबिन फिल्टर मात्र काढून पाहावा. बहुतेक गाड्यांत तो ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो आणि पाच मिनिटांत हाती येतो. धुळीने चोंदलेला फिल्टर मुळातच वारा अडवतो आणि बर्फाला मदत करतो. त्याच्यासाठी कॉइल उघडण्याचा खर्च करणे वाईट. कॉइलखालची पाण्याची नळी तुंबली असेल तर पाणी पुढच्या डाव्या आसनाच्या पायाशी झिरपते, तेही बोट लावून पाहावे. गॅस खरोखर थोडा कमी असेल तर कॉइलच्या सुरुवातीच्या भागावरच बर्फ धरतो, आणि यंत्रणेत ओलावा शिरला असेल तर एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रात बर्फाचा कण अडकून गॅसचा प्रवाह थांबतो. या शेवटच्या प्रकारात वारा मात्र कमी होत नाही, हे ध्यानात ठेवावे. त्याला उपाय म्हणजे गॅस पूर्ण काढून घेणे, ओलावा शोषणारा ड्रायर बदलणे आणि पुरेसा वेळ व्हॅक्यूम धरणे.

दुरुस्ती स्वतः करावी असे मी सुचवणार नाही, पण करून घेताना शेजारी उभे राहावे. थर्मिस्टरची सळई मूळ जागीच खोचली गेली पाहिजे. कंपनीने ती जागा कॉइलचा सर्वांत गार भाग पाहून निवडलेली असते. जुन्या खोचेची खूण पत्र्यांवर बहुधा दिसते. सळई आडवीतिडवी रेटली तर गॅसची नळी फुटू शकते. तिची तार क्लिपमध्ये घट्ट बसवून घ्यावी, नाहीतर खड्ड्यांच्या रस्त्यावर ती ओढली जाऊन सेन्सर पुन्हा बाहेर येईल.

वाऱ्याचा जोर कायम राहून हवा गरम होत असेल तर

येथे पहिले काम म्हणजे दोष उपस्थित असतानाच बॉनेट उघडून क्लचकडे पाहणे. ओढणी, पदर, गळ्यातील दोरी, सैल बाही असे काहीही लोंबते ठेवू नये. पट्टा फिरत असतो आणि कंडेन्सरचा (गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या पुढच्या जाळीचा) फॅन न सांगता सुरू होतो. पुलीचा बाहेरचा भाग पट्ट्याबरोबर नेहमीच फिरतो, म्हणून तिच्या मधली चकती फिरते आहे का ते पाहावे. ती स्थिर असेल तर क्लचच्या तारेवर वीज येते आहे का, हे मल्टिमीटर किंवा साध्या टेस्ट लॅम्पने तपासून घ्यावे. या एका मोजमापाने प्रश्न सरळ दोन भागांत विभागला जातो. वीज येत नसेल तर वरच्या कुठल्यातरी स्विचने परवानगी नाकारली आहे. पूर्ण वीज येत असूनही चकती स्थिर असेल तर क्लचच दोषी आहे.

क्लचचा दोष गरम झाल्यावरच का दिसतो, हे समजून घेण्यासारखे आहे. चकती आणि पुली यांच्यामध्ये साधारण ०.३ ते ०.६ मिलिमीटर फट असते. वर्षानुवर्षे घासून ती फट वाढत जाते. क्लचची कॉइल तांब्याच्या तारेची असते, आणि तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्क्यांनी वाढतो. गार असताना साडेतीन ओहम असलेली कॉइल बॉनेटखालच्या उष्णतेने शंभर अंशांनी तापली, तर ती पाच ओहमच्या जवळ जाते; १२ व्होल्टला जिथे ३.४ अँपिअर प्रवाह वाहत होता, तिथे तो अडीचच्याही खाली उतरतो. चुंबकाची ओढ त्याहूनही अधिक प्रमाणात घटते आणि वाढलेल्या फटीपलीकडून ती चकती ओढू शकत नाही. घाटात किंवा वाहतुकीच्या कोंडीत तासभर रखडल्यावर क्लच एकदा नेहमीप्रमाणे सुटतो आणि पुन्हा धरतच नाही. इंजिन निवले की सगळे ठीक. यावर अनेकदा संपूर्ण कॉम्प्रेसर बदलण्याचा सल्ला दिला जातो. आधी फीलर गेजने फट मोजून घ्यावी. चकतीमागचा एखादा पातळ वायसर काढून फट मर्यादेत येत असेल, आणि चकती जळून निळी पडलेली नसेल, तर तेवढ्यावर पुष्कळदा काम भागते. गंजलेला अर्थिंगचा बोल्ट किंवा जळके संपर्क असलेला रिलेही असेच लक्षण दाखवतो. अनेक गाड्यांच्या फ्यूजपेटीत हॉर्नचा किंवा फॅनचा रिले त्याच प्रकारचा असतो. तपासण्यापुरती अदलाबदल करून पाहता येते.

घाटात पूर्ण अॅक्सिलरेटर दिल्यावर एसी काही सेकंद सुटतो, त्याला मात्र दोष मानू नये. कसाऱ्याच्या चढावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गाडी ओढत असताना इंजिनचा संगणक जाणूनबुजून क्लच सोडतो.

क्लचपर्यंत वीज येतच नसेल, तर कंडेन्सरच्या फॅनवर पहिला संशय घ्यावा, विशेषतः सिग्नलवर हवा गरम आणि हायवेवर गार असे होत असेल तेव्हा. धावत्या गाडीत समोरचा वाराच कंडेन्सर थंड करतो. थांबल्यावर ते काम फॅनने करायचे असते. फॅन अडखळला, उलट्या तारांमुळे उलटा फिरू लागला किंवा फक्त मंद गतीवरच चालला, तर दाब चढतो आणि प्रेशर स्विच कॉम्प्रेसर तोडतो. सर्वत्र वापरात असलेला तिहेरी स्विच साधारण ३.१४ मेगापास्कलला, म्हणजे ४५५ पीएसआयच्या आसपास, जास्त दाबासाठी तोडतो, १.५२ मेगापास्कलला फॅनला हाक देतो. आणि दाब ०.१९६ मेगापास्कल, म्हणजे सुमारे २८ पीएसआय, याच्या खाली गेला तर गॅस निघून गेला असे समजून तोडतो. नव्या गाड्यांत स्विचऐवजी तीन तारांचा प्रेशर सेन्सर असतो आणि या मर्यादा संगणक ठरवतो. कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत माती, किडे आणि पाने यांचा जाड थर बसतो. तो पुढून पाहिल्यास दिसत नाही, टॉर्चच्या उजेडात वरून डोकावावे लागते.

रस्त्याकडेच्या दुरुस्तीत प्रेशर स्विच ‘डायरेक्ट’ करून देण्याची पद्धत आहे, म्हणजे त्याच्या दोन तारा एकमेकींना जोडून टाकायच्या. हे कृपा करून कोणालाही करू देऊ नये. कॉम्प्रेसरचे तेल गॅसबरोबरच फिरते. गॅस गळून गेलेला असताना स्विच नसेल तर कॉम्प्रेसर कोरडा फिरून जाम होतो आणि त्याचा धातूचा चुरा कंडेन्सरपर्यंत सगळीकडे पसरतो. थोडक्या पैशांच्या स्विचसाठी सगळी यंत्रणा बदलण्याची वेळ येते. जास्त दाबाच्या बाजूला तर पाइप फुटण्याचाच धोका असतो.

गेज काय सांगतो आणि काय सांगत नाही

इंजिन बंद असताना लावलेल्या गेजवरून ‘गॅस कमी आहे’ असे सांगितले गेले तर ते मानू नये. यंत्रणेत थोडा जरी द्रवरूप गॅस शिल्लक असला तरी स्थिर दाब केवळ तापमानावर ठरतो. तीस अंशांना आर-१३४एचा तो सुमारे ९७ पीएसआय असतो, मग आत दोनशे ग्रॅम असो की चारशे. घरातल्या सिलिंडरचा दाब अखेरपर्यंत तसाच राहतो, त्यातलाच हा प्रकार. चालू इंजिनावरचे दोन्ही बाजूंचे आकडे उपयोगी असतात, पण तेही बाहेरचे तापमान, दमटपणा आणि इंजिनाचा वेग यांसह वाचावे लागतात. गॅस किती आहे हे निःशंकपणे कळण्याचा एकच मार्ग आहे: तो मशीनने पूर्ण काढून वजन करणे आणि बॉनेटखालच्या स्टिकरवर जेवढे ग्रॅम लिहिले आहेत तेवढेच वजनाने भरणे. छोट्या गाड्यांत हे प्रमाण साधारण तीनशे ते साडेचारशे ग्रॅम असते, त्यामुळे पन्नास-साठ ग्रॅमची चूकही जाणवते. गॅस जळून किंवा वापरला जाऊन संपत नाही. दरवर्षी भरावा लागत असेल तर गळती आहे, आणि ती शोधल्याशिवाय भरलेला गॅस हवेत जाणार आहे.

कॉम्प्रेसर चालू आहे, कॉम्प्रेसरकडे परत जाणारा जाड पाइप हाताला बर्फासारखा लागतो, वाराही भरपूर आहे, तरी हवा कोमट, असे असेल तर फ्लॅप पाहावा. नॉब निळ्या टोकाला असूनही केबल घसरल्याने फ्लॅप अर्धवट उघडा राहतो आणि हीटरची हवा मिसळते. इंजिन थंड असताना एसी छान आणि इंजिन तापल्यावर वाईट, हे त्याचे लक्षण. तेही अर्ध्या तासाच्या तक्रारीत सहज गल्लत घडवते. नॉब एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवताना आत फ्लॅप आदळल्याचा आवाज दोन्ही टोकांना यायला हवा. आजच्या काही छोट्या गाड्यांत केबलऐवजी लहान मोटर असते आणि तिचे प्लास्टिकचे दाते झिजल्यास ती टकटक करत जागच्या जागी फिरते.

आपोआप तापमान राखणारा एसी

अशा गाडीत २४ अंश निवडल्यावर संगणक केबिनमधला सेन्सर, बंपरजवळचा बाहेरच्या हवेचा सेन्सर, काचेखालचा उन्हाचा सेन्सर आणि कॉइलवरचा थर्मिस्टर यांची वाचने जुळवून फ्लॅप, ब्लोअर आणि कॉम्प्रेसर हलवतो. केबिनचा सेन्सर डॅशबोर्डवरच्या एका छोट्या जाळीमागे असतो आणि त्याच्यावरून थोडी हवा सतत ओढली जाते. ती जाळी मोबाइल होल्डरने किंवा मूर्तीच्या चौथऱ्याने झाकली गेली, किंवा मागची रबरी नळी सुटली, तर संगणक केबिनऐवजी तापलेल्या प्लास्टिकचे तापमान वाचत बसतो. बाहेरच्या हवेच्या सेन्सरची तार तुटली तर संगणकाला बाहेर कडाक्याची थंडी वाटते आणि तो कॉम्प्रेसर सुरू करत नाही. पुढच्या बंपरचे काम झाल्यावर एसी बंद पडला असेल तर आधी तिथला प्लग बसवलेला आहे का ते पाहावे. दोष कोणत्या बाजूचा आहे हे ठरवण्यासाठी तापमान सर्वांत खालच्या टोकाला न्यावे, म्हणजे पडद्यावर ‘लो’ उमटेल. तिथे नियमन थांबते आणि फ्लॅप पूर्ण गारकडे जातो. ‘लो’वर हवा गार आणि २४वर चुकीची असेल, तर गॅसला हात लावण्याचे कारण नाही, सेन्सर तपासावेत. या गाड्यांत बदलत्या क्षमतेचा कॉम्प्रेसर असेल तर क्लचची वारंवार होणारी ‘टक्-टक्’ बहुधा ऐकू येणार नाही, त्यावरून घाबरू नये. इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांतला कॉम्प्रेसर नारिंगी तारांवरच्या उच्च दाबाच्या विजेवर चालतो; त्यांना वरील कोणतीही बॉनेटखालची तपासणी घरी लागू करू नये.

गाडी गॅरेजला देताना जॉब कार्डवर ‘एसी कूलिंग कमी’ एवढेच लिहू देऊ नये. किती मिनिटांनी, सिग्नलवर की हायवेवर, वारा कमी होऊन की वारा कायम राहून, गाडीखाली पाणी ठिबकत होते की थांबले होते, आणि एसी बंद ठेवून किती वेळाने पूर्ववत झाला, या पाच गोष्टी लिहून घ्याव्यात, आणि गॅस वजनाने काढून त्याचा आकडा बिलावर द्यावा असे सांगावे. माझ्या गाडीचा सेन्सर जागेवर बसवल्यावर मी तोच थर्मामीटर घेऊन पनवेल ते अलिबाग असा ऐन जूनमधला दमट प्रवास केला. जाळीतला आकडा संपूर्ण वाटेत आठ ते बारा अंशांच्या दरम्यान वरखाली होत राहिला, क्लच दर काही मिनिटांनी सुटत आणि धरत होता, आणि त्यानंतर त्या गाडीत गॅस भरावा लागलेला नाही.